गोड्या पाण्यातला लाल रंग

होडीच्या तळाला काय लावायचं यावरून आमच्या घरात आठ दिवस भांडण चाललं होतं, आणि ते मी जिंकले. माझा स्वभावच तसा. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमचं घर नदीच्या अलीकडे. माझं माहेर पलीकडे, समोर दिसणारं. खाली कोसभरावर बांध होता, त्यामुळे खाडीचं खारं पाणी वर येत नसे. आमच्याकडे बारा महिने गोडं पाणी. पलीकडे माझी आई एकटी. वडील गेलेले, भाऊ नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चुलीतला जाळ तेवढा तिला दिसायचा. किती वेळा म्हटलं, "आई, चल माझ्याकडे." तर म्हणायची, "मला माझं घर बरं आहे." मग काय, मी रोज सकाळी भाकरी-कालवण घेऊन जायची. उन्हाळ्यात बांधावरून चालत जाता येई. पावसाळ्यात बांधावरून पाणी वाहायचं. तेव्हा पुलावरून जायचं तर सात कोस. मी गेले नाही तर आई उपाशी, एवढा सरळ हिशेब होता.

म्हणून यांनी खाडीवरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून जुनी होडी घेतली. म्हातारा बांधापर्यंत स्वतः आला. चार माणसांनी होडी उचलून वरच्या पाण्यात सोडली तेव्हा मला म्हणाला, "बाय, गोड्या पाण्यात कीड न्हाय. हितं होडी आतनं कुजते, पावसाच्या पाण्यानं. पंधरा दिवस उन्हात वाळव. खालनं माशाचं तेल पाज. आत फळ्यांच्या सांध्यात मीठ भर."

"होडीचं काय लोणचं घालायचंय?" मी म्हटलं. म्हातारा हसला. हे मात्र हसले नाहीत, यांना ते पटलं होतं.

मला पटेना. आम्ही किनाऱ्याजवळची माणसं, होडी म्हटलं की आधी किडीची धास्ती. ती कीड फळीची चाळण करते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून माशाच्या तेलाचा तो वास! त्यात आईचं जेवण ठेवायचं? माझे दीर मुंबईच्या गोदीत कामाला. त्यांनी लाल रंगाचा डबा आणला, मोठ्या जहाजांच्या तळाला लावतात तो. त्यात तांबं असतं, कीड जवळ फिरकत नाही. झालं, माझं ठरलं.

"अगं, जहाज काय आपल्या नदीत उभं राहतं?" हे म्हणाले.

"तुम्हाला माझ्या आईची पडलेली नाही," मी म्हटलं. मेली जीभ! दोन पावसाळे न कंटाळता रोज वल्हं मारणार होता तो माणूस. निदान पंधरा दिवस वाळू दे, एवढं म्हणाले. तेही मी ऐकलं नाही. आभाळ भरून येत होतं, आईची काळजी पोखरत होती. तीन दिवसांनी ओल्याच लाकडावर मी स्वतः दोन हात मारले. होडी काय दिसायला लागली म्हणून सांगू! गावातल्या बायका बघायला आल्या.

दोन पावसाळे निभावले. तिसऱ्या श्रावणात, नदीच्या मध्यावर, मी भाकरीचा डबा सावरायला पाय सरकवला आणि टाच थेट फळीतून खाली गेली. भिजलेल्या पावासारखी फळी झाली होती. बघता बघता होडी भरली. यांनी मला दंडाला धरून ओढत आमच्याच काठाला आणलं. होडी उलटी होऊन झुडपांत अडकली. तळ लालभडक, एक ओरखडा नाही. ओल आत कोंडून लाकूड कुजलं होतं. हे आधी माझी टाच बघायला लागले, कापलं तर नाही ना म्हणून. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तशीच ओल्या लुगड्यानं मी पुलाकडे निघाले. सात कोस रडत चालले. पोचले तेव्हा दिवस कलला होता. आई ओटीवर बसली होती, शेजारणीनं पेज आणून दिली होती. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. रंग माझा, हट्ट माझा, होडी गेली, आता मी रोज येऊ शकणार नाही.

आईनं हातानं चाचपून माझं तोंड पुसलं. म्हणाली, "मग मी येते तुझ्याकडे. लुगडी बांध माझी."

"अगं, इतकी वर्षं विनवण्या करतेय, तेव्हा का नाही आलीस?"

"तू रोज हौसेनं यायचीस. म्हटलं, मी उठून आले तर पोरीनं माहेर म्हणून जायचं कुठं?"

आणि मी आपली इतकी वर्षं तिला घर सोडवत नाही म्हणून धावत होते. दुसऱ्या दिवशी बैलगाडी करून आईला आणलं. त्यानंतर दहा वर्षं ती माझ्याजवळ होती, माझ्या हातचं खात होती. पण मला माहेर उरलं नाही.