घड्याळवाल्याचा गाळा

घाटकोपर स्टेशनजवळ एका शेठच्या गाळ्यांची लांबलचक रांग होती आणि ती सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. शेठ राहायचे गिरगावात, महिन्यातून एकदा उगवायचे. गाळा कुणाला द्यायचा, छप्पर कुठं गळतं, गटार कुणी तुंबवलं, दोन दुकानदारांचं भांडण कुठवर चालू द्यायचं, सगळं मी बघायचो. पंचविशीतल्या मला लोक 'मॅनेजर' म्हणायचे आणि नळ कोरडा पडला की त्याच तोंडानं शिव्या द्यायचे. मला दोन्ही आवडायचं, खोटं कशाला बोलू!

दिवाळीनंतर मधला रिकामा गाळा शेठनी पिठाच्या गिरणीला दिला. बायका खूष झाल्या. आधी त्यांना दळणाचा डबा घेऊन रूळ ओलांडावे लागायचे.

काही दिवसांनी गिरणीशेजारचा घड्याळवाला माझ्याकडे आला. मालवणकडचा म्हातारा, बायको गेलेली, मूलबाळ नाही. घड्याळं सोडून त्याला जगात दुसरं काही नव्हतं.

"गाळो सोडतंय रे बाबा," तो म्हणाला. "हात थरथराक लागलो. स्क्रू बसना नाय. म्हातारपण इला."

शेठना हे कळलं असतं तर ते हसत हसत नव्या भाडेकरूकडून पागडी घेऊन मोकळे झाले असते. मी कळवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन बसलो, चहा मागवला. बोलता बोलता टेबलावरच्या कपाकडे लक्ष गेलं. कुणाचा हात लागलेला नसताना चहा आपला थरथरतोय! भिंतीपलीकडे गिरणी घरघरत होती.

"काका, हात नाही, टेबल हलतंय तुमचं!"

"माझी समजूत घालू नको रे," म्हातारा म्हणाला आणि दुसरीकडे बघत बसला.

मी तडक रांगेच्या टोकाला, नाक्यावरच्या वाण्याकडे गेलो आणि घड्याळवाल्याशी गाळा बदल म्हटलं.

"डोकं फिरलं काय रे तुझं? नाका सोडू मी?"

त्याला हाताला धरून गिरणीसमोर उभा केला. रविवारची सकाळ, बायकांची ही गर्दी. "एवढ्या बायका इथं ताटकळत असतात. शेजारी डाळ, गूळ, साबण दिसला तर सोडतील?"

वाणी मिशीत हसला. पण गुढीपाडव्याच्या मुहूर्ताशिवाय हलला नाही पठ्ठ्या! शेठना मी अदलाबदल उरकल्यावरच सांगितलं. ते थोडे कुरकुरले, इतकंच.

म्हातारा पाडव्याला नाक्यावरच्या गाळ्यात आला, पण नुसताच बसून राहिला. हत्यारं फडक्यात तशीच गुंडाळलेली. "कोणाचा घड्याळ मोडू?" म्हणाला.

माझी सटकली. मनगटावरचं वडिलांचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "मोडलं तर मोडलं. उघडा!"

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. चिमट्यात तिळाएवढा स्क्रू उचलला. स्क्रू एका फटक्यात बसला. त्यानं तो परत काढला, परत बसवला. मग चिमटा ठेवून उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"माझो हात बरो असा रे," तो म्हणाला. "उगीच तेका म्हातारो म्हटलंय."