दुर्गाबाईंचे गुरुवारचे आजार

दुर्गाबाई पितात, ही बातमी खडकीच्या आमच्या सोसायटीत शुक्रवारी सकाळी दुधाच्या पिशव्यांबरोबर आली आणि दूध तापेपर्यंत तिन्ही इमारतींत पोहोचली. बातमीला साक्षीदारही होता. बी विंगच्या शालनताई गुडघा दाखवायला हॉस्पिटलात गेल्या होत्या. तिथे एका खोलीचं दार अर्धवट उघडं, आणि आतून दुर्गाबाईंचा ओळखीचा आवाज : "रोज संध्याकाळी दोनच घेते हो, डॉक्टर. सणासुदीला तिसरा. पण स्वयंपाक कधी चुकवला नाही." शालनताईंचा गुडघा तिथल्या तिथे बरा झाला. एवढ्या चपळाईने त्या रिक्षात कधीच चढल्या नव्हत्या.

मग लोकांना एकेक आठवायला लागलं. हळदीकुंकवाला त्या जरा जास्तच हसल्या होत्या. गणपतीत त्यांचा तोल गेला, तो काय पायरीमुळे? आणि त्यांचे यजमान हिंमतराव हल्ली गप्प गप्प असतात, ते उगाच का?

संध्याकाळी वॉचमनसुद्धा नजर चुकवायला लागला, तेव्हा दुर्गाबाई तडक शालनताईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"शालनताई, ऐकलंत ते खरं आहे. मी तसं म्हणाले. पण ती मी नव्हते."

शालनताईंनी मागे हात नेऊन भिंत धरली. बाई आत्ताही चढवूनच आली आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही.

खरी गोष्ट अशी. त्या हॉस्पिटलात फॅमिली डॉक्टर व्हायला निघालेली पोरं शिकतात. त्यांना औषधं तोंडपाठ असतात, पण समोरचा माणूस ती घेत का नाही, हे कुठे पाठ करणार? म्हणून माणसाच्या वागण्याचा वेगळा तास असतो. तो घेणाऱ्या डॉ. शेफाली मॅडम. खऱ्या पेशंटवर सराव करून कसं चालेल? मग त्या खोटे पेशंट आणतात. नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये असताना दुर्गाबाईंनी गणेशोत्सवातल्या नाटकांत इतक्या सासवा गाजवल्या होत्या, की मॅडमच्या कानावर त्यांचं नाव गेलं आणि दर गुरुवारी दुर्गाबाईंना नवा आजार होऊ लागला. त्या गुरुवारी दारू होती. आधीच्या गुरुवारी झोप येत नव्हती. त्याच्या आधी सुनेशी पटत नव्हतं. दुर्गाबाईंना दोन मुली, सून नाहीच. पण सुनेबद्दल त्या इतक्या पोटतिडकीने बोलल्या की एका शिकाऊ डॉक्टरणीने सुनेचा फोन नंबर मागून घेतला.

हे सगळं ऐकल्यावर शालनताईंचा चेहरा पडला. एवढी मेहनतीने वाढवलेली बातमी, आणि शेवटी निघालं काय, तर शिक्षण!

पण दुर्गाबाईंना खरा घोर होता तो घरातल्या पेशंटचा. हिंमतराव दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. धिप्पाड देह, झुपकेदार मिशी, आणि शब्द एकदा तोंडातून गेला की परत घ्यायची सवय नाही. साखरेचं दुखणं जुनं. गोळ्या थकल्या, तसं गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता इन्शुलिनची सुई लागेल. हिंमतराव म्हणाले, "नाय." तो शेवटचा संवाद.

दुर्गाबाईंनी रडून बघितलं. रुसून बघितलं. मुलींकडून फोन करवले. कारल्याचा रस करून समोर ठेवला, तो कुंडीतल्या तुळशीने प्यायला आणि बिचारी वाळली. मग मागच्या महिन्यात हिंमतराव मंडईतून घरी आले ते एकाच चपलेने. दुसरी वाटेत कुठे निसटली, पायाला कळलंच नव्हतं. हिंमतरावांनी हा किस्सा विनोद म्हणून अख्ख्या जिन्यात सांगितला. जिना हसला. दुर्गाबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या रात्री नवऱ्याचे तळवे हातात घेऊन दाबले आणि विचारलं, "कळतंय का?" हिंमतराव म्हणाले, "कळतंय की." पण दाबून झाल्यावर म्हणाले.

त्यामुळे शेफाली मॅडमनी जेव्हा सांगितलं, "काकू, या गुरुवारी तुम्हाला डायबेटिस. इन्शुलिन घ्यायला तयार नाही अशी बाई," तेव्हा दुर्गाबाईंचे डोळे लकाकले. ही बाई कोण, हे त्यांना बरोबर माहीत होतं. तिला मिशी होती. वर्गातल्या एखाद्या हुशार पोराने हिंमतरावांचं तोंड बंद करणारं वाक्य काढलं, की ते डब्यात भरून घरी न्यायचं, असा त्यांचा बेत ठरला.

पहिला आला डॉ. अभिनव. गोरापान, इस्त्रीचा कोट, आणि तोंडात किडनी, डोळे, नसा यांची रांग. खोलीच्या काचेपलीकडे बाकीची पोरं बघत होती. अभिनवने कागदावर पाय काढून दाखवला, त्यात नसा काढल्या.

"चित्र छान काढता," दुर्गाबाई म्हणाल्या. "डॉक्टरकीकडे कसे वळलात?"

"काकू, इन्शुलिन नाही घेतलं तर पुढे त्रास होईल."

"पुढचं पुढं. माझा बाप नव्वद वर्षं जगला, रोज गुळाचा खडा खाऊन."

"पण तुमची साखर..."

"साखर माझी हाय ना? मग तुम्ही कशाला कडू होताय?"

अभिनवचे कान लाल झाले. बाहेर आल्यावर मॅडमनी दुर्गाबाईंना बाजूला घेतलं. "काकू, जरा सांभाळून. खरा पेशंट एवढा अवघड असतो का?"

"मॅडम, हा तर जेवल्यानंतरचा आहे. जेवायच्या आधीचा मी केलाच नाही."

दुसरी आली डॉ. नम्रता. ही मुलगी हळू बोलणारी. आधी खुर्ची जवळ ओढून बसली. दुर्गाबाईंनी गुळाचा खडा टाकून बघितला. तिने उचलला नाही. बाप टाकून बघितला, ती म्हणाली, "बरं." मग तिने विचारलं, "इन्शुलिन हा शब्द ऐकला की तुम्हाला कोण आठवतं?"

दुर्गाबाईंनी हिंमतरावांचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. हिंमतरावांची सगळी उत्तरं त्यांना पाठ होती. पण हा प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारलाच नव्हता. त्यांनीही नाही. इतकी वर्षं त्या फक्त सांगत आल्या होत्या. घ्या, ऐका, मेलात तर मग कळेल.

नम्रता थांबली होती. घाई करत नव्हती.

"एक मिनिट हां, डॉक्टर," दुर्गाबाई शेवटी म्हणाल्या. "ह्याचं उत्तर मला माहीत नाही. घरी विचारून सांगते."

अख्खा वर्ग हसला. शेफाली मॅडमनीही तोंडावर हात धरला. पण नम्रता हसली नाही, आणि दुर्गाबाईही पदर सावरून उठल्या त्या थेट घरी.

हिंमतराव मटार सोलत बसले होते. दुर्गाबाई समोर बसल्या, एक शेंग उचलली आणि म्हणाल्या, "अहो, इन्शुलिन म्हटलं की तुम्हाला कोण आठवतं?"

"आं? कुणी शिकवलं हे?"

एरवी इथून भांडण सुरू झालं असतं. पण दुर्गाबाई नम्रतासारख्या गप्प बसल्या. आयुष्यात इतकी नाटकं केली, पण बिनसंवादाची भूमिका त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती, आणि ती फार जड जात होती. जिभेचं टोक दाताखाली धरून त्या शेंगा सोलत राहिल्या.

बऱ्याच वेळाने हिंमतराव ताटलीकडे बघत म्हणाले, "दादा."

सोनबा, म्हणजे हिंमतरावांचे थोरले भाऊ, गावी शेती करायचे. साखर वाढली, पाय सुजला, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी सुई सांगितली. सोनबा नको म्हणत होते. हिंमतराव पुण्याहून गेले, भावाला दरडावलं आणि सुई घ्यायला लावली. महिन्याभरात पाय कापला. दिवाळी काही सोनबांनी बघितली नाही.

"मीच म्हटलं त्याला, घे. माझं ऐकून घेतली त्यानं. आन् पाय गेला." ताटलीबाहेर पडलेला एक दाणा हिंमतरावांनी उचलला. "कुनाला सांगू?"

'अहो, पण दादांना उशीर झाला होता,' हे दुर्गाबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. संसारात त्यांनी बरंच काही गिळलं होतं, पण हे सगळ्यात मोठं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण शालनताईंची एक भाची त्याच हॉस्पिटलात कामाला. शनिवारी जिन्यात शालनताई गोड आवाजात म्हणाल्या, "काय हिंमतराव, तुमच्या मिसेस तिकडे तुमची फार झकास नक्कल करतात म्हणे! पोरं पोट धरून हसली."

हिंमतराव घरी आले, जेवले, हात धुतले. रविवार गेला, सोमवार गेला, शब्द नाही. दुर्गाबाईंना वाटलं, झालं. एक दार किलकिलं झालं होतं, ते मीच आपटून बंद केलं. आता हा माणूस उभ्या जन्मात सुई घ्यायचा नाही. बुधवारी हिंमतराव म्हणाले, "उद्या मी येनार. बघू दे, मी दिसतो कसा."

शेफाली मॅडमनी त्यांना काचेपलीकडे पोरांमध्ये बसवलं. आत दुर्गाबाई, समोर पुन्हा अभिनव. बिचाऱ्याने दुसरी संधी मागून घेतली होती. पहिल्या गुळाच्या खड्याला हिंमतराव मिशीत हसले. दुसऱ्या टोमण्याला हसले नाहीत. तिसऱ्याला शेजारच्या पोराला म्हणाले, "काय अडाणी मानूस हाय! ते पोरगं एवढं जीव तोडून सांगतंय." शेजारच्या पोराने आदराने मान हलवली.

तास संपल्यावर हिंमतराव नम्रतासमोर जाऊन उभे राहिले. दुर्गाबाई मागेच होत्या.

"डॉक्टर, सुईमुळं पाय जातो का?"

नम्रताने आधी त्यांना बसवलं. "काका, कोणाचा गेला?"

त्यांनी सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, "सुई घ्यायच्या आधी पायाला जखम होती का?"

"व्हती. चप्पल लागली व्हती. चिघळली व्हती, लई दिवस."

"मग पाय जखमेमुळे गेला, काका. सुई उशिरा आली, तोवर ती पसरली होती."

"म्हंजे... मी घे म्हटलं, ते चुकीचं नव्हतं?"

"नव्हतं. आधी कोणीतरी म्हणायला हवं होतं, एवढंच."

हिंमतरावांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. नव्या कोऱ्या चपला होत्या, दोन्ही. मग म्हणाले, "मला कधी घ्यायची?"

सोमवारी सकाळी ओपीडीत नम्रताने पेनसारखी ती सुई हातात दिली, पोटाची कातडी चिमटीत कशी धरायची ते दाखवलं. दारूगोळ्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाने डोळे घट्ट मिटले. दुर्गाबाईंनीही मिटले. "झालं," नम्रता म्हणाली. हिंमतरावांनी एक डोळा उघडला. "झालं? टोचली कुठं?"

बाहेर येऊन बाकावर बसल्यावर त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण मिशी पुसत त्यांनी बायकोवरच तोफ डागली. "पन काय गं, एवढ्या पोरांसमोर नवऱ्याची नक्कल करायला लाज नाय वाटली?"

दुर्गाबाई म्हणाल्या, "लाज कसली? तासभर तुमच्यासारखं हट्टी होऊन बसलं, तर घरी येईपर्यंत माझी मान आखडते. तुम्ही दिवसभर कसं जमवता, तेवढं सांगा."