कललेला आंबा

भोसरीच्या वखारीत लाकूड कापणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. करवत लावण्याआधी तो खोडावर सावकाश तळहात फिरवायचा.

निघोज्यातला आमच्या दारचा आंबा मी तिथं नेला, तेव्हा कापलेल्या खोडावर त्याचा हात थांबला.

"झाड कललेलं हुतं न्हवं?"

"हो, घरावर. कसं ओळखलंत?"

"ह्या अंगाला लाकूड जादा भरलंय. झाड कललं की शेंड्याचा रस खाली येऊन खोडाला सांगतो, सावर. सोताला वर वढत हुतं ते, राव."

पुस्तकात त्या रसाला संप्रेरक म्हणतात.

लहानपणी त्याच कललेल्या खोडावर बसून आम्ही भावंडं मीठ लावून कैऱ्या खायचो. यंदा घरावर पडेल म्हणून मीच ते तोडायला लावलं.