देवाचं खत

आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वर, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि निर्माल्याच्या मागे लागले. शुक्रवार पेठेत आमच्या बोळात दत्ताचं देऊळ आहे. महापालिकेनं तळ्यात निर्माल्य टाकायला बंदी केली, तसं देवळामागे खड्डा काढून त्याचं खत करायचं काम यांनी अंगावर घेतलं. मी म्हटलं, "बसा की आता जरा स्वस्थ." ऐकतील तर ते हे कसले!

लोक निर्माल्य आणायचे तेही प्लास्टिकच्या पिशवीत, गच्च बांधून. हे पायरीवर बसून एकेक पिशवी निवडायचे. फुलांत उदबत्तीची पाकिटं, हारांचे दोरे, कधी फुटक्या काचेची तसबीर. बोटं कापली, पाठ धरली. पण तळ्यात फूल जात नाही, एवढ्यावर माणूस खूश होता.

खत झालं झकास, काळं, भुसभुशीत. आणि इथंच घोडं अडलं. देवळातल्या औदुंबराला घातलं, आमच्या तुळशीला घातलं. ती तरी किती खाणार? बाकी कुणी हात लावेना. शेजारच्या इंद्रायणीताई म्हणाल्या, "देवाच्या फुलांचं ते. गच्चीतल्या कुंडीला येताजाता पाय लागतो हो." मंद्रूपहून भाजी विकायला येणाऱ्या बाळासोला यांनी पोती फुकट देऊ केली. त्यानं हात जोडले. "काका, खत लई झ्याक हाय. पर वांगी तोडताना त्येच्यावरच पाय द्यावा लागतोय की. पाप न्हाय का लागायचं?" यांनी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. मला तर वीट आला होता त्या पोत्यांचा.

देवळामागे चालायला वाट उरली नाही. विश्वस्त सुबोधराव म्हणाले, "उत्सवाआधी जागा मोकळी करा, नाहीतर खड्डा बुजवू." हे सायकलवरून बागाबागांत फिरून आले आणि न जेवता झोपले. शेवटी सुबोधरावांनीच तोड काढली. टेम्पो बोलावला, पोत्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. "काका, तळ्यात विसर्जन करू. बंदी निर्माल्याला आहे, खताला कुठं?"

मला वाटलं, आता हे भांडणार. भांडले नाहीत. खड्डा वाचतोय म्हणून टेम्पोत बसले. यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही गेले.

तळ्यावर हमाल पोत्यांसकट खत लोटायला लागले, तेव्हा हे उठले. एकेक पोतं स्वतः पाण्यात रिकामं केलं आणि रिकामी पोती घडी घालून टेम्पोत ठेवली. काठचं पाणी काळं झालं. माझा जीव तुटत होता.

काम संपल्यावर म्हणाले, "प्रभा, लोक ओंजळीनं टाकत होते गं. मी टेम्पोनं टाकलं."

तळ्यात हात धुवायला तयार होईनात. मी बाटलीतलं प्यायचं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं.