एक्सवरून शब्द

भाचीला काल मोबाइलवरच्या खेळात एक्स या इंग्रजी अक्षरावरून शब्द हवा होता. भाजी निवडता निवडता मी "झीबेक" म्हणाले आणि भाईंदरची आमची खोली आठवली. बाबांचे साहेब खुर्चीवर बसलेले, खालून मैत्रिणी लंगडीसाठी हाका मारतायत आणि मी बाबांनी पाठ करून घेतलेले शब्द म्हणतेय.

"झीबेक म्हणजे तीन शिडांचं गलबत. झेरिक म्हणजे कोरडं."

"उत्तनच्या बंदरात दिसतं का गं असलं गलबत?" साहेब हसले. "अजून सांग."

बाबांनी मान डोलावली. मी पुढचा शब्द घेतला. खालच्या हाका थांबल्या.

मी एकटीच अडकलेय, असं तेव्हा वाटलं होतं. दुसरी खुर्ची रिकामी होती, हे काल आठवलं. साहेबांनी बसा म्हटलं नव्हतं, म्हणून बाबाही स्वतःच्या घरात उभेच होते.