आता बास

अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई तळावर मार्लिस ब्रँडेवी सरकारी खरेदी खात्यात होती. सैन्यासाठी सॉफ्टवेअर करून घेणं हे तिचं काम. उमेदीची आठ वर्षं तिने एकाच प्रकल्पात घातली. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग कंत्राट, मग नुसती वाट पाहायची. सॉफ्टवेअर हाती आलं तोवर शिळं झालेलं. कुणी वापरलंच नाही. मधल्या काळात नवराही सोडून गेला.

म्हणून नवी पद्धत आली तेव्हा ती हरखली. विमानांच्या सुट्या भागांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर थोडं थोडं करायचं, दर पंधरवड्याला वापरणाऱ्यांना दाखवायचं, ते म्हणतील तसं बदलायचं. पुरेसं झालं की कंत्राट मधेच थांबवता येईल, हे कलम तर तिने वरिष्ठांशी भांडून घालून घेतलं.

रोज सकाळी कंत्राटदाराचे प्रोग्रामर संगणकाच्या पडद्यावर जमत. काल काय झालं, आज काय करायचं, अडलंय कुठे. पाव तासात बैठक आटपे. त्यांच्यातला टेक्सासचा ट्रेंट हटकून विचारी, "मार्लिस, आज काही खाल्लंस की नुसती कॉफी?" तिच्या मजल्यावरचे बाकीचे घरून काम करत. दिवसभरात तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी नसे.

दुसऱ्या वर्षी नेब्रास्काच्या तळावर हे सॉफ्टवेअर वापरणारी सार्जंट डेल्गाडो त्यातली नवी भर पाहून म्हणाली, "मॅडम, आता बास. हवं ते सगळं मिळालं."

"एखादा आलेख घालू या?"

"कोण बघणार तो? उगाच आमचा गोंधळ होईल."

कंत्राटाची मुदत अजून बरीच होती. आणखी काम काढलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. मार्लिसने दोन दिवस खरंच कामं शोधली. मग तिचं तिलाच उमगलं, कुणाला नको असलेलंच आपण पुन्हा करायला निघालोय. तिने थांबवण्याच्या आदेशावर सही केली.

शेवटच्या बैठकीत ट्रेंट म्हणाला, "जेवत जा गं वेळेवर." पडद्यावरची एकेकाची चौकट विझली.

साहेबांनी फोनवर शाबासकी दिली, केक पाठवला. खायला कुणी नव्हतं. घरी जाताना तिने तो गाडीतूनच फाटकावरच्या पहारेकऱ्याला दिला.

"वाढदिवस?"

"नाही. काम वेळेआधी झालं."

"मग तोंड का असं?"

"दमलेय," ती म्हणाली. मागे दुसरी गाडी येऊन थांबली होती, म्हणून तिला निघावं लागलं.