भरलेलं सगळं भाडं

सुईखाली कुणाचातरी ब्लाउज तसाच होता. दुकानाच्या दोन माणसांनी तो ओढून काढला, आईच्या मांडीवर टाकला आणि शिलाई मशीन उचललं. सगळी गल्ली दारात उभी. दुकानाचा मालक बाहेर स्कूटरवर बसलेला, आमच्या घरात पाय ठेवत नव्हता. तिथूनच मोठ्यानं बोलला, "तुम्हा लोकांना सगळं फुकटात घ्यायची सवय. फिरायला पैसे आहेत, हप्त्याला नाहीत."

फुकटात म्हणे. वर्ष होत आलं होतं, दर शनिवारी आम्ही वाशीला त्याच्या दुकानात जाऊन मशीनचा हप्ता भरत होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबांची तुर्भ्यातली कंपनी बंद पडलेली. कोपरखैरण्यातल्या आमच्या खोलीत स्टोव्ह पेटायचा तो आईच्या शिलाईवर. मी आठवीत होते. आईला अक्षर येत नव्हतं, म्हणून हप्त्याचं कार्ड माझ्याकडे.

आणि फिरायला म्हणजे कुठं, तर दसऱ्याला दीक्षाभूमीला. गल्लीतल्या बायका दरवर्षी मिळून नागपूरला जायच्या. त्या वर्षी मध्ये शनिवार पडत होता. आईचा स्वभाव असा की कुणाचं काही अंगावर ठेवायची नाही. तिनं आदल्या शनिवारीच दोन हप्ते एकदम दिले. मालकानं नोटा गल्ल्यात टाकल्या आणि कार्डावर एकाच शनिवारची सही केली.

"दुसऱ्याची?" मी विचारलं.

"तो शनिवार उजाडू दे, मग करतो. ताई, तुमी बिनघोर जा. घरचंच दुकान आहे."

आईला केवढं बरं वाटलं. गाडीत बायकांना सांगत होती, "देवमाणूस हाय तो." मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्याचीच आजही चीड येते.

तो शनिवार उजाडला, मावळला. सही झालीच नाही. आम्ही नागपूरहून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी माणसं मशीन न्यायला दारात.

मशीन गेल्यावर मी पहिल्यांदा कार्डाची मागची बाजू वाचली. बारीक छापलं होतं. एक शनिवार चुकला की करार संपला, माल दुकानाचा, आणि भरलेलं सगळं भाडं समजायचं. सहाच हप्ते राहिले होते. आई ज्याला रोज पुसायची, तेल घालायची, ते मशीन तिचं कधी नव्हतंच. शाळेत धडे घडाघडा वाचून दाखवणारी मी, वर्षभर नुसत्या सह्या मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी दुकानात गेलो. आई हात जोडून उभी राहिली, आगाऊ दिलेल्या हप्त्याची आठवण दिली.

"कुठं लिहिलंय?" मालक म्हणाला. मग हसला, नवं कार्ड पुढं सरकवलं. "बरं, तुमच्यासाठी करतो ताई. पहिल्या हप्त्यापासून परत सुरू करा. अंगठा द्या."

आईनं अंगठा शाईत बुडवला. मी तिचं मनगट धरलं.

"पोरीला आवरा."

"तिला ताई म्हणू नका," मी म्हणाले. "घेतलेल्या पैशाची पावती द्या."

पावती मिळाली नाही. मशीनही नाही. आई निळा अंगठा पदरात लपवून घरापर्यंत चालत आली. पुढच्या महिन्यापासून ती वाशीच्या फ्लॅटांमध्ये धुणीभांडी करायला लागली. कितीतरी वर्षांनी एकदा म्हणाली, "तू हात धरला नसतास तर मशीन असतं आपलं." मी तिचे सोड्यानं सोललेले हात हातात घेतले आणि खोबरेल चोळलं.

तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तिचं मनगट धरीन. आता कुठल्याही काउंटरवर कुणी गोड बोलून म्हणालं, "वाचताय काय एवढं, करा सही," की मी पेन खाली ठेवते. खुर्ची ओढून बसते. कागद पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचते, मागं उभ्या असलेल्या बायांना ऐकू जाईल असं. रांग खोळंबली तर खोळंबू दे.